लाटेच्या तोंडावरची जागा

मित्रांनो, मी पोवळ्याच्या जातीची, आणि इतकी जुनी की तुमच्या आजीची आजीसुद्धा माझ्यापुढे कालची पोर. पुस्तकात मला प्रवाळ म्हणतात म्हणे. म्हणोत बापडे. मी शाळेची पायरी चढलेली नाही, त्यामुळे पुस्तकानं मला काय म्हणावं याची मला फिकीर नाही.

अंगठीत लाल खडा बसवतात ना, ते पोवळं मी नव्हे. ते आमच्या लांबच्या नात्यातलं, मेल्यावर सोन्यात बसलेलं. मी जिवंत आहे. दिसायला मी कोबीच्या उमललेल्या गड्ड्यासारखी, पानाला पान लागून, मध्ये वाटीसारखी खोलगट. रंग बदामी, कडांना जांभळी झाक. हात लावाल तर दगड लागेल, पण दगड म्हणून मला हिणवू नका. माझ्या पानापानावर खसखशीएवढी तोंडं आहेत, हजारोंनी, आणि एकेक तोंड म्हणजे माझ्या घरातला एकेक जीव. एकाला घास मिळाला की तो सगळ्यांच्या अंगी लागतो. एवढं खटलं मी सांभाळते. तुमच्या घरी चार माणसांत किती भांडी आपटतात ते आठवा, आणि मग माझ्यासमोर बसा.

माझा जन्म कच्छच्या आखातातला. तिथला समुद्र रोज उठून दूर जातो आणि रोज धावत परत येतो. खडकाच्या ज्या टोकावर लाट येऊन फुटते, तिथंच माझी जागा होती. लाट यायची, माझी तोंडं धुवायची, बारीकसारीक खाऊ तोंडाशी आणून ठेवायची आणि मागं सरायची. ऊन पाण्यात विरघळायचं, त्याची सोनेरी जाळी माझ्या पानांवरून सरकत राहायची. मी बसल्या जागेवरून कधी हलले नाही, पण सगळं आयुष्य झोक्यावर गेलं. कधी कधी तर वाटायचं, खडकच सुटलाय, आणि मी माझं सगळं घरदार घेऊन निळ्या निळ्या पाण्यातून कुठंतरी निघाले आहे.

आणि एक दिवस खरंच निघावं लागलं. बंदरात नवा धक्का बांधायचा होता, म्हणून माणसांनी आमचा खडक फोडला. ओहोटीचं पाणी लांब गेलं होतं. मी फुटक्या दगडांच्या ढिगावर उन्हात पडून होते, आणि माझी हजार तोंडं एकदम मिटली होती.

तिथं मला शेषरावानं उचललं. शेषराव हा वाशीमचा तरुण, बंदरातल्या वर्कशॉपात कंत्राटावर फिटर. जेवणाच्या सुट्टीत इतर लोक पत्ते खेळायचे, हा ओहोटीच्या खडकांवर हिंडायचा. कोण लाटेच्या तोंडावर बसतं, कोण कपारीत लपतं, हे तो तासन्‌तास पाहत राही. त्यानं मला दुधाच्या कॅनमध्ये समुद्राचं पाणी भरून त्यात ठेवलं. त्याचं कंत्राट संपत आलं होतं आणि गावी पाणीपुरवठ्याच्या पंपावर त्याला नोकरी लागली होती. घरी नेण्यासारखं त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं. त्यानं मला नेलं. सोबत आमच्याच खडकावरचे माझे दोन शेजारी आणि समुद्राच्या पाण्यानं भरलेली पिंपं.

आगगाडीचा तो प्रवास मला स्वप्नासारखा आठवतो. अंधाऱ्या कॅनमध्ये पाणी डुचमळत होतं. प्रत्येक स्टेशनावर झाकण उघडायचं, आभाळाचा एक गोल तुकडा दिसायचा, आणि शेषराव तांब्यानं पाणी वर उचलून परत माझ्यावर ओतायचा. त्याला वाटे, तेवढीच लाट. अकोल्याला गाडी बदलली आणि लहान गाडीनं आम्ही वाशीमला उतरलो.

दुष्काळाचं साल नुकतंच सरलं होतं. स्टेशनावरच्या बाबूनं पिंपावर टिचकी मारली.

"काय हाय रे यात?"

"पानी."

"कोनचं पानी?"

"समुद्राचं, साहेब."

"लोकं थेंबा-थेंबासाठी मेले इथं, अन तू खारं पानी रेलवेनं आनून राह्यला? पिता येते काय?"

"नाही."

"मंग करतं काय याचं?"

"पाहता येते," शेषराव म्हणाला.

बाबूनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं उन्हानं डोकं फिरलेल्याकडे पाहतात.

शेषरावानं ओसरीच्या एका बाजूला सिमेंटचा हौद बांधला. त्याची पुढची बाजू जाड काचेची. हौद अर्धा जमिनीत, भोवती ओली गोणपाटं, म्हणजे वऱ्हाडातल्या उन्हात पाणी तापू नये. सकाळचं ऊन थेट माझ्यापर्यंत यायचं. पण नुसतं पाणी आणि ऊन देऊन आमचं भागत नाही. आम्हाला हलतं पाणी लागतं. तेव्हा गावातला मोटारदुरुस्तीवाला युनूस आला. त्यानं हौदावर छोटी मोटार बसवली, तिला बाभळीचा दांडा लावला आणि दांड्याला जुन्या प्लास्टिकच्या बादलीची पंख्यासारखी कापलेली पाती. लोखंडाचा तुकडा पाण्यात जाऊ दिला नाही, कारण खाऱ्या पाण्यात लोखंड सडतं आणि आमच्या जिवावर येतं.

"शेषराव, ह्या तुया बाईले किती वारा पायजे?" युनूसनं विचारलं.

"समुद्रात असते तेवढा."

"म्या कधी पाह्यला समुद्र? फुल स्पीड देऊन पाहतो." आणि त्यानं बटण दाबलं.

मित्रांनो, ती धार माझ्या तोंडावर अशी आदळली की माझी तोंडं आत दडली ती दडलीच. पानाच्या कडेचं मांस उचकटायला लागलं.

"अरे थांब, थांब! कातडी निघून राह्यली तिची!"

"तूच म्हनला न समुद्र!"

"समुद्र काय पिचकारी मारते काय, लेका?"

मग दोघांनी डोकं लावलं. पात्यांचं तोंड समोरच्या भिंतीकडे वळवलं. आता धार आधी भिंतीवर आपटायची, फुटायची, आणि फुटलेलं पाणी माझ्याकडे कधी उजवीकडून, कधी डावीकडून यायचं. शेषरावानं मला वरच्या दगडावर, त्या फुटलेल्या लाटेच्या तोंडावर बसवलं आणि खाली दगडाच्या कपच्या ठोकून अशी घट्ट केली की धक्क्यानं कलंडू नये. अक्रोडासारख्या सुरकुत्यांचा माझा एक शेजारी होता, त्याला खाली, जरा मंद पाण्यात जागा दिली. बटणांच्या पुंजक्यासारखा दुसरा, त्याला बाजूच्या कपारीत. आणि आम्हा तिघांत हातभर अंतर ठेवलं. फार शहाणपणाचं केलं. आम्ही जवळ आलो की एकमेकांना चटके देतो. शेजार गोड राहावा असं वाटत असेल तर मध्ये वाट सोडावी.

त्या जागेवर मी पुन्हा उमलले. डोळे असते तर मिटून घेतले असते, इतका तो झोका ओळखीचा होता. ओसरीवर माणसं यायची, काचेला नाक लावायची. "जय भीम, शेषराव! दाखवा न समुद्र!" अशी हाक यायची, आणि कोणी ना कोणी माझ्यासमोर बसून गप्प होऊन जायचं. गप्प बसणारी माणसं मला आवडतात.

आता दुर्गाबाईबद्दल सांगते. ती शेषरावाची आई. कपाळ मोठं, आवाज त्याहून मोठा. तिनं मोलमजुरी करून एकटीनं पोराला वाढवलं होतं आणि घरात तिच्या शब्दाशिवाय पान हलत नसे. मला पाहिल्याबरोबर तिनं ओळखलं की ही आपल्याच तोलाची. रोज चहाचा कप घेऊन हौदाजवळ बसायची आणि माझ्याशी बोलायची. "तुये बी हजार तोंडं अन माये बी हजार धंदे," असं म्हणून हसायची. तिची माया खरी होती, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते तिच्या मायेनंच झालं.

चैत्रात शेषरावाला पोहरादेवीच्या जत्रेत पाण्याच्या सोयीसाठी ड्यूटी लागली. जत्रा संपली तरी तिथल्या पंपाचं काम लांबत गेलं आणि तो तिकडंच अडकला. त्याच्यामागं इकडे त्याची बायको लिलाबाई बाळंत झाली. मुलगी झाली. दुर्गाबाईनं कंबर कसली. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, ही त्या घरची, त्या गावचीच रीत. खोलीच्या खिडकीत चिंध्या कोंबल्या, दाराला घोंगडं लावलं, बाजेखाली शेगडी ठेवली, लिलाबाईचे कान आणि डोकं फडक्यानं करकचून बांधलं. बाहेर चैत्राचं ऊन, आत शेगडी.

आणि मग दुर्गाबाईची नजर माझ्याकडे गेली.

"व माय! ही बी त नवीच आली घरात. नाजूक हाय. अन पोट्ट्यानं हिले वाऱ्याच्या तोंडी बसवून ठेवली! मानूस तो, त्याले काय समजते?"

तिनं पदर खोचला, हौदात हात घातला, माझ्या खालच्या कपच्या काढल्या आणि मला उचललं. उचलताना माझं एक पान तुटून खाली दगडांत पडलं, ते तिला दिसलं नाही. मला तिनं हौदाच्या मागच्या कोपऱ्यात, मोठ्या दगडाच्या आडोशाला ठेवलं. वरून अर्ध्या हौदावर गोधडी टाकली, म्हणजे उन्हाचा त्रास नको. घरातल्या सगळ्यात मानाच्या पाहुणीला द्यावी अशी जागा होती ती. शांत, सावलीची, वाऱ्यापासून लपलेली.

मित्रांनो, मी तिथं मरू लागले.

आमचं मरण आरडाओरड करत येत नाही. चैत्रात काळ्या मातीची बारीक धूळ उडते. ती हौदात पडायची आणि हळूहळू खाली येऊन माझ्या वाटीसारख्या पानांत साचायची. पूर्वी लाट येऊन ती झाडून न्यायची. आता झाडणारं कोणी नव्हतं. दुर्गाबाई मात्र जेवण चुकवत नव्हती. शेषरावानं सांगितलं होतं, सुकट बारीक वाटून पाण्याच्या धारेत सोड. हिनं मानाची पाहुणी म्हणून ती थेट माझ्या ताटात, माझ्या पानांवर ओतली, वर आणखी थोडी. मला ती गिळता येईना. ती तिथंच नासली. माझ्यावर बुळबुळीत पडदा चढला. आतल्या बाजूची तोंडं एकेक करून मिटली आणि मांस गळून खालचा पांढरा हाडाचा सांगाडा दिसू लागला. माझ्या घरात रोज कोणी ना कोणी जात होतं, आणि मी मोजायचं सोडून दिलं होतं.

लांबून मोटारीची घरघर ऐकू यायची. पाणी तिकडं नाचत होतं. मला वाटायचं, मी पुन्हा त्या दुधाच्या कॅनमध्ये आहे, झाकण लागलेलं आहे, आणि पुढचं स्टेशन काही येत नाही.

लिलाबाईची खोली हौदासमोरच होती. घोंगड्याच्या कडेनं तिला मी दिसायचे. एक दिवस ती आतून म्हणाली, "आत्याबाई, ते पोवळं पांढरं पडून राह्यलं."

"तुले तिथून दिसते काय? डोकं बांध आधी."

"दिसते न. त्याईनं त समोर ठेवलं होतं. तुमी कोपऱ्यात काहून ठेवलं?"

"बाळंतिनीनं वाऱ्याची गोष्ट काढू नाही. कानात वारं गेलं त तुया मायले मी काय तोंड दाखवू?"

"मले बी गरगरून राह्यलं, आत्याबाई. पोरीचं अंग पाहा, घामोळ्यानं लाल झालं. एक चिंधी त काढा खिडकीची."

"माया बाळंतपनात मी अशीच होती. तुयी माय बी अशीच होती. कोनी मेलं काय?"

लिलाबाईनं पोरीचा घाम पदरानं टिपला. बाळ मात्र दिवसभर किरकिरत राहिलं. त्या दोघी तिकडं, मी इकडं. तिकडं घोंगड्याची सावली, इकडं गोधडीची.

एका सकाळी दुर्गाबाई सुकटीची वाटी घेऊन आली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. माझ्या रंगाकडे तिचं लक्ष गेलं होतं, पण तिनं ते तोंडानं म्हटलं नव्हतं. वाटी खाली ठेवताना तिची नजर पुढच्या दगडांत गेली. तिथं, पात्यांच्या फुटलेल्या धारेत, माझं तुटलेलं पान दोन दगडांमध्ये अडकून बसलं होतं. टपोरं, बदामी. कडेनं जांभळी नवी किनार फुटलेली, आणि सगळी तोंडं उघडी, पाण्यात डोलणारी.

"हे काय व?" ती पुटपुटली. मग मोठ्यानं, "लिला! इथं नवं काय उगवलं?"

"नवं नाही, आत्याबाई," आतून लिलाबाई म्हणाली. "तिचंच पान हाय. तुमी उचललं तवा तुटलं होतं. मी पाह्यलं होतं."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तुमी आयकता काय?"

दुर्गाबाई पुढं सरकली. तिनं हात पाण्यात घातला. आधी त्या पानाजवळ. लाट तिच्या मनगटाला लागली, बांगड्या किणकिणल्या. मग हात माझ्या कोपऱ्यात आणला. तिथं तिनं बोटं पसरली, मिटली, पुन्हा पसरली. बोटांवर धूळ आणि बुळबुळीत थर आला. तिनं हात बाहेर काढून नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं.

"इथलं त पानीच मेलं हाय," ती हळू म्हणाली.

त्याच दिवशी युनूस मोटारीला तेल द्यायला आला. दुर्गाबाईनं त्याला दारातच धरलं.

"हिले उचल अन पयल्या जागी ठेव. कपच्या ठोकून. अन पानं तोडशीन त याद राख."

"पन बाई, कोपऱ्यात त तुमीच..."

"मी ठेवली म्हनूनच मी सांगून राह्यली. तुले हात हायेत का नुसतं तोंड?"

युनूसनं मला दोन्ही हातांनी असं उचललं, जसं झोपलेलं मूल उचलतात. पहिली लाट लागली तेव्हा मला काही कळलं नाही. दुसरी लागली आणि पानांवरचा तो पडदा फाटून वाहून गेला. गोधडी निघाली होती. ऊन आलं. काठावरची माझी तोंडं, जी उरली होती ती, एकेक करून उघडली. मी समुद्रात होते की वाशीमच्या हौदात, मला सांगता आलं नसतं. खडक सुटला होता आणि मी पुन्हा निघाले होते.

दुर्गाबाईनं पुन्हा पाण्यात हात घालून पाहिला. मग ती ओल्या हातानंच वळली, लिलाबाईच्या खोलीत गेली आणि खिडकीतली चिंधी ओढून काढली. एक काढली, मग दुसरी, मग सगळ्या. शेगडी उचलून ओसरीवर आणली.

"उकाडा लय हाय म्हनून काढून राह्यली," ती कडक आवाजात म्हणाली. "नाही त उद्या म्हनशीन, सासू चुकली."

"मी कायले म्हनू?" लिलाबाई म्हणाली. तिनं डोक्याचं फडकं सोडलं आणि बाळाला खिडकीजवळ घेतलं. किती तरी दिवसांनी ते बाळ किरकिर न करता झोपलं.

पोहरादेवीहून शेषराव परतला तो आधी हौदाजवळच आला. माझं अर्धं अंग पांढरंफटक पाहून त्याचा चेहरा उतरला. त्यानं तोंड उघडण्याआधीच दुर्गाबाई म्हणाली, "मी ठेवली होती कोपऱ्यात. आता ठेवली जागेवर. चहा घे."

तो चहा प्यायला. त्या घरात यापेक्षा मोठी कबुली मी कधी ऐकली नाही.

माझा पांढरा भाग परत जिवंत झाला नाही, मित्रांनो. गेलेले गेले. पण उरलेल्यांनी त्या सांगाड्याच्या कडेनं नवी पानं काढली, आणि आता माझी एक बाजू बदामी, एक बाजू हाडासारखी पांढरी आहे. ती पांढरी बाजू काचेकडे आहे. शेषराव मला वळवून बसवणार होता. दुर्गाबाईनं बसवू दिलं नाही.

लिलाबाईला मालिश करायला गंगू यायची. उघडी खिडकी पाहून तिनं कपाळाला हात लावला होता. "बाई, काय करून राह्यल्या! वारा लागन न बाळंतिनीले!"

"लागू दे," दुर्गाबाई म्हणाली होती. "नाही लागला त काय होते, ते हौदापाशी जाऊन पाह."

गंगू आली, माझ्यासमोर वाकली, बराच वेळ पाहत राहिली. तेव्हापासून त्या आळीत कोणाच्या घरी बाळंतपण असलं की कोणी तरी आजी माझ्याकडे येते. काचेवर बोट ठेवून माझी पांढरी बाजू पाहते आणि घरी जाते. कोणी जाऊन खिडकी उघडते, कोणी नाही उघडत. सगळ्यांवर माझं चालत नाही.

मी म्हातारी आहे, तोंडाळ आहे, पण तुमच्यावर रागावले नाही. तुमच्या घरी कोणी नवं आलेलं, कोणी नाजूक, कोणी थकलेलं असेल, तर त्याला जरूर जपा. माया करायला कोणी कोणाला अडवत नाही. फक्त त्याला शांत कोपऱ्यात ठेवून निघून जाऊ नका. परत या, बाही वर करा, त्याच्याजवळच्या पाण्यात हात घाला, आणि ते हलतं आहे का ते पाहा.